बसऱ्याला गेलेल्यांची नावे

(जिल्हा बैठकीत चाकण भागातील कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चाकणकडचे. तुमच्या कापूस-ज्वारीच्या तालुक्यांतली पोरे आज आमच्याकडे निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. गेटावर त्यांची ओळख पासावरच्या नंबराने होते. शंभर वर्षांपूर्वीही शेतकऱ्याची पोरे अशीच गाव सोडून पलटणीत गेली. त्यांची गणती सापडते, नावे सापडत नाहीत. ती नावे कशी शोधायची, ते आज सांगायचे आहे.

म्हातारी माणसे सांगत, "पणजा बसऱ्याला गेला, तो गेलाच." बसरा म्हणजे इराकचे बंदर. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रजांनी तिथे फौज उतरवली. त्यातली सहावी डिव्हिजन पुण्याची. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदाद घ्यायला निघालेली ही फौज माघार घेत कुत-अल-अमारा गावात आली आणि तिथेच कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा पडला. धान्य संपले, शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, त्यांत बहुतेक हिंदी. वाळवंटातून पायी नेताना आणि नंतर रेल्वेच्या कामावर त्यांतली हजारो मेली.

ही पोरे गेली कशासाठी? सरकारी भाषणात उत्तर होते, राजनिष्ठा. आपण शेतकरी, आपण हिशेब घालू. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९-१९०० चा. पहिल्या दुष्काळात पाळण्यात असलेले पोर १९१५ साली अठरा वर्षांचे झाले होते. शेतात पाऊस येईल तेव्हा पीक, आणि पीक येईल तेव्हा दारात सावकार. पलटणीत शिपायाला महिना अकरा रुपये, पाऊस पडो न पडो. कुणाला हौस होती, कुणाच्या घराण्याची रीत होती, हेही खरे. पण मनिऑर्डरीची वाट पाहणारी कितीतरी घरे कोरडवाहूच होती. मराठ्यांचीच पोरे गेली असेही नाही. १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली.

आता मेलेल्यांचा हिशेब. १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायाचे नाव दगडावर कोरले. आपले सुभेदार-जमादारही कोरले. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! कोरेगाव भीमा आमच्यापासून लांब नाही. तिथल्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे आहेत. 'नाक' लागलेली महार शिपायांची नावे आजही वाचता येतात. म्हणजे शिपायाचे नाव दगडावर कोरता येते, हे इंग्रजाला ठाऊक होते. युद्ध-कबरी आयोगाने हा भेदभाव २०२१ च्या अहवालात कबूल केला.

मग नाव शोधायचे कसे?

एक, घरची पेटी. चांदीचे पदक सापडले तर त्याची कड भिंगाने बघा. तिथे इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. पदक काशाचे असेल तर पणजा मजूर तुकडीत किंवा छावणीच्या नोकरीत असण्याचा संभव मोठा. त्यात कमीपणा नाही, मरण त्यालाही तेच होते. सोनाराकडे पॉलिशला देण्याआधी कड वाचून कागदावर उतरवा.

दोन, युद्ध-कबरी आयोगाची यादी. दगडावर नसलेली शिपायांची नावे या यादीत आहेत. ती फोनवर फुकट बघता येते. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. इंग्रजी स्पेलिंगने गावाचे नाव ओळखू येत नाही, तेव्हा चार तऱ्हांनी शोधा. खेड दोन आहेत, एक पुण्याचे, एक रत्नागिरीचे. गल्लत करू नका. वऱ्हाडकरांनी मध्यप्रांत-वऱ्हाड, मराठवाड्याच्या मंडळींनी हैदराबाद असे बघावे. नुसते नाव जुळले म्हणून पणजा सापडला असे मानू नका. बाप आणि गाव जुळले पाहिजे. ही यादी मेलेल्यांची. परत आलेला तिच्यात मिळणार नाही.

तीन, तहसील कचेरी. माणूस परदेशी मेला तरी त्याची जमीन इथेच राहिली. वारसाचा फेरफार कधीतरी झालाच असेल. जुने फेरफार आणि कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची पाने मागा. नक्कल मिळते. मजकूर मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा.

चार, चावडीवरचा दगड. या गावातून इतके गेले, इतके मेले, असे इंग्रजांनी अनेक गावांत लिहून लावले. सातारच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले असे सांगतात. दगडावर आकडा असला तर तेवढी नावे गावाने भरून काढायची.

पंजाबात रंगरुटांच्या गाववार वह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. सुमारे ३,२०,००० माणसांच्या त्या नोंदी २०२१ पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. पंजाबच्या पोरांना हे मिळू लागले, ते केवळ कागद टिकला म्हणून.

आमच्या पट्ट्यात कागद टिकत नाही. साठ सालानंतर पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, नव्वदीनंतर चाकणला. जमीन गेली, वाडा पाडला, पेटी भंगारवाल्याने नेली. रस्ता रुंद झाला, चावडी गेली. नुकसानभरपाईच्या कागदात झाडे मोजली, विहीर मोजली. पेटीतल्या कागदाचा भाव कुणी केला नाही. तुमच्याकडे अजून वाडे उभे आहेत, तोवर हे काम करून घ्या.

या शोधातून पेन्शन मिळणार नाही, जमीनही मिळणार नाही. कुणी तसे सांगून पैसे मागितले तर त्याला दारात उभे करू नका. मिळेल ते एवढेच, की घरातल्या माणसाचे नाव घरात लागेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची. माणसाचे नाव, बापाचे नाव, पलटण, गेला कुठे, आला की नाही. मागे शेत कोणी ओढले, त्या बाईचे नावही त्याच ओळीत लिहायचे.