तापीचा मासा, गळ आणि तीन बोटं

आज मासळीविषयी बोलायचं आहे. ज्यांच्या घरी माळ आहे त्यांनी रेडिओ बंद करू नका. आज रस्सा सांगणार नाही, नदी सांगणार आहे.

नवरात्र संपलं, दसरा झाला की आपल्या दोंडाईच्याच्या बाजारात मासळीच्या पाट्या पुन्हा दिसायला लागतात. श्रावणापासून थांबलेली गिऱ्हाइकं परत येतात. याच सुमाराला तापीवरच्या बॅरेजचे दरवाजे बंद होतात. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही तीन नावं आपल्याला पाठ आहेत. पावसाळ्यात दरवाजे उघडे असतात, हतनूरचं पाणी सुटलं की नदी दोन्ही काठ भरून जाते, आणि पाऊस सरला की पाणी अडवलं जातं. महिनाभरापूर्वी चहासारखं असलेलं पाणी आश्विनात निवळतं, कार्तिकात तर काठाजवळचा तळ दिसतो. हे गळ टाकणाऱ्यांचे दिवस. गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसत नाही. पाणी नितळलं की मासा डोळ्याने शिकार करतो, आणि डोळ्याने शिकार करणारालाच फसवता येतं.

फसवायची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी. आपल्याकडे बांबूची काडी, दोरा, काट्याला गांडूळ नाही तर कणकेची गोळी, आणि वर तरंगायला मोरपिसाची दांडी. दांडी बुडाली की ओढायचं. अमेरिकेत मेन नावाचं एक थंड राज्य आहे, तिथल्या काही नद्यांवर गळाला खायचं काहीच लावत नाहीत. काट्यावर पाखराचं पीस आणि रंगीत धागा गुंडाळून माशी नाही तर छोटा किडा तयार करतात. ही माशी इतकी हलकी की फेकली तरी लांब जाणार नाही. म्हणून तिथे दोराच जाड आणि वजनदार असतो. काठी मागे-पुढे झुलवून दोरा हवेत लांबवतात आणि त्या दोऱ्याच्या वजनावर माशी अलगद पाण्यावर उतरवतात. आपल्याकडे आमिषाच्या आणि शिशाच्या वजनाने दोरा जातो, तिथे दोऱ्याच्या वजनाने आमिष जातं. पापड लाटणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. सगळं काम मनगटाचं.

तिथला मासा सॅमन. खरा सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढून येतो. पण हजारो वर्षांपूर्वी हिमयुग सरताना त्यातले काही मासे तळ्यांत राहून गेले. त्यांनी समुद्र सोडला. तळं हाच त्यांचा समुद्र झाला. सेबॅगो नावाच्या तळ्यावरून त्यांना शास्त्रीय नावही मिळालं आहे. समुद्रातल्या भावंडांपेक्षा हे अंगाने लहान, पण सवय तीच. शरद ऋतू आला, पाणी गार झालं की तळ्यातून नदीत शिरायचं आणि वाळू-गोट्यांत अंडी घालायची. त्या दिवसांत हा मासा फारसं खातही नाही, तरी डोळ्यापुढे रंगीत काही तरंगलं की झडप घालतो. म्हणून तिथे काही नद्यांवर फक्त पिसाच्या माशीनेच मासे धरायची परवानगी आहे. मोसमाच्या शेवटी धरलेला मासा ओल्या हाताने परत पाण्यात सोडावा लागतो. बाळंतपणाचे दिवस आहेत ना त्यांचे.

अशी गोष्ट फक्त अमेरिकेतच आहे असं समजू नका. आपल्या तापीवर, आपल्या खालच्या अंगाला ती आहे. तापी मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. पाला नावाचा समुद्रातला मासा पावसाळ्यात अंडी घालायला नद्यांत चढतो. बंगालात त्याला इलिश म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, मग 1972 साली उकाई धरण पूर्ण झालं. समुद्राची वाट बंद झाली. धरणाच्या पाण्यात गुजरातेतली गावं गेली, तशी तेव्हाच्या आपल्या धुळे जिल्ह्यातलीही गेली. आता तो भाग नंदुरबारमध्ये येतो. नवापूरकडच्या आदिवासी बायकांना विचारा, कुठलं शेत पाण्याखाली आहे ते त्या काठावरून बोटाने दाखवतात. माणसांची ही गत, तर माशांचं कोण विचारतो? पण बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उकाईच्या जलाशयात हाच मासा टिकून असल्याची नोंद केली आहे. गोड्या पाण्यातच तो वाढतो आणि तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो. माहेरची वाट बंद झालेल्या सासुरवाशिणीसारखं आहे हे. तिने तिथेच घर केलं.

हा पाला आपल्या सारंगखेड्यापर्यंत येत नाही, मध्ये प्रकाशाचं बॅरेज आहे. आणि तो गळालाही सहसा लागत नाही, कारण पाणी गाळून त्यातलं बारीक खाणं खातो. आपल्याकडे गळाला लागतात ते मरळ, वाम, शिंगाडा, पडन, कधी रोहू. पिसाच्या माशीला आपल्या देशात खरा भुलतो तो महसीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरची अंडी उबवून पिल्लं तळ्यांत सोडण्याचं काम चालवलं आहे. हौशी लोक त्याला धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. आमच्या गटात मी हे सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "सोडीच द्यायचा तर धरायचा कशाला? यांना घरी काम नाही का?" सगळ्या हसल्या. मलाही दिवसभर काठावर काडी धरून बसणाऱ्या पुरुषांचं फार कौतुक नाही. तेवढ्या वेळात बाई कापसाचा एक पट्टा वेचून येते.

पण गळाची एक गोष्ट मला पटते. गळ एका वेळी एकच मासा धरतो, आणि कोणता धरला ते हातात घेऊन बघता येतं. लहान असेल तर सोडता येतो. जाळ्याला हे जमत नाही. आणि आमच्या गटात यावरूनच वाद झाला.

त्या गटात अकरा जणी. त्यातल्या तिघींच्या घरी मासेमारी आहे. पुरुष धरतात, बायका पाटी घेऊन बाजारात बसतात. कोजागिरीच्या बैठकीत त्यातल्या एका मावशीने अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. सहा हजार रुपये, नवीन जाळ्यासाठी. जाळं कोणतं, तर बारीक भोकाचं, मच्छरदाणीसारखं. आमच्या सचिव बाई शेतकरी कुटुंबातल्या. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, आधी बाजारातला एक वाटा आणा. मावशींनी दुसऱ्या दिवशी पाटीतला वाटा आणून दाखवला. आम्ही तो मोजला. 38 मासे, सगळे बोटाएवढे, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यात चाली होत्या, एक-दोन झिंगे होते, पण निम्म्याहून जास्त रोहू आणि मृगळची पिल्लं.

इथे मी अमेरिकेच्या सॅमनची गोष्ट काढली. त्यांच्याकडे शरदात माशाचं बाळंतपण असतं. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ आषाढ-श्रावणात, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. म्हणजे आश्विन-कार्तिकात आपल्या नदीत बाळंतीण नसते, लेकरं असतात. दोन-तीन महिन्यांची. दरवाजे बंद झालेले, पाणी थांबलेलं, लेकरं काठाकाठाने उथळ पाण्यात खाणं शोधत फिरतात. आणि बारीक जाळं नेमकं त्याच पाण्यात टाकलं जातं. चांगल्या पोसलेल्या तळ्यात रोहू वर्षभरात पाऊण-एक किलोचा होतो. नदीत तेवढा भरवसा नाही. पण या वाट्यातली निम्मी पोरं मेली, काही पडनने खाल्ली, आणि पुढच्या दिवाळीला फक्त दहा उरली, अर्ध्या-अर्ध्या किलोची, तरी ते पाच किलो झाले. आजचा वाटा तीनशे ग्रॅमचा.

मावशी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, तुनं खरं शे. पण मी नही धरसू ते दुसरा धरी. मंग? आणि पोटले काय सांगू माय, पुढच्या दिवाळीले ये म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मैत्रिणींनो, मला वाटतं हा प्रश्न हिशेबापेक्षा मोठा आहे. नदी एकटीची नाही. 1897 सालच्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग लावणं आणि विष घालणं गुन्हा ठरवलं, जाळ्याचा आस किती असावा, कोणत्या काळात मासेमारी बंद ठेवावी याचे नियम करायचा अधिकारही सरकारला दिला. पण काठावर रात्री कोण बघायला येतं? दुसरं म्हणजे, बारीक जाळ्यातली चाल आणि झिंगे हेच गरिबाच्या भाकरीबरोबरचं कोरड्यास असतं. ती चाल मोठी होणारच नसते. ती धरू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

दोन बैठका चर्चा चालली. शेवटी गटाने ठराव केला, तो इतिवृत्तात आहे. मच्छरदाणीच्या जाळ्याला गटाचं कर्ज मिळणार नाही. ज्याच्या आसातून तीन बोटं सहज जातात अशा जाळ्याला मिळेल, व्याज शेकडा दोन ऐवजी दीड. झिंग्यांसाठी काठाला ठेवायचं टोपलं चालेल, त्यात पिल्लं आली तर जिवंत सोडता येतात. आणि सहा हजारांतले दोन हजार बर्फाच्या पेटीला, कारण हिशेब मांडल्यावर दिसलं की मावशींचा खरा तोटा पाण्यात नव्हता, बाजारात होता. दुपारी बारानंतर मासा नरम पडतो आणि दोनशेचा मासा शंभरला जातो. त्याबद्दल कोणी वाद घातला नाही. मावशींनी पेटी घेतली. जाळं अजून घेतलेलं नाही, नवऱ्याशी बोलणं चालू आहे असं म्हणतात. दुसऱ्या एकीने तीन बोटांचं जाळं घेतलं आणि पहिल्या आठवड्यात तिला कमी मासे मिळाले, हेही सांगते. तिसरीची मुलगी बारावीला आहे. ती सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर गळ घेऊन जाते. तिने कोंबडीच्या पिसाची माशी बांधून बघितली, मोबाइलवर बघून. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक लहान मरळ लागला, तो तिने सोडला. बापाला राग आला. आईला हसू आलं.

आता नदीवर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बॅरेजच्या खाली, दरवाजांच्या तोंडाशी मासा साठतो, कारण त्याला वर जाता येत नाही. म्हणून तिथेच सगळ्यांना गळ टाकायचा असतो. तिथे जाऊ नका. पाणी कधीही सुटू शकतं, आणि निवळलेलं पाणी चढायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट, पाणी मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेलं असेल तर गळ टाकायच्या आधीही संस्थेला विचारा. त्यांनी पैसे भरलेले असतात. आणि त्या संस्थेच्या यादीत बाईचं नाव आहे का, तेही विचारा. पाटी डोक्यावर घेणारी तीच, खवले काढणारी तीच, आणि सभासद बहुतेक ठिकाणी नवरा.

ज्यांच्या घरी मासेमारी आहे त्यांनी येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता गटाच्या बैठकीला आपलं जाळं घेऊन यावं. धुऊन, वाळवून आणा. भाव, बर्फ आणि पेटीचा खर्च यावर बोलू. नवीन जाळं घ्यायला दुकानात गेलात तर मच्छी अडकेल का हे दुकानदाराला विचारत बसू नका. जाळं हातात घ्या, ताणा आणि भोकात आपली तीन बोटं घालून बघा.