पळी खाली ठेवा

तंजावरहून बोलते आहे. मला दिलेला विषय आहे, घरी झटपट करायचं जपानी गोळ्यांचं सूप. वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. उकळत्या रसात गोळे सोडले की पळी खाली ठेवा. एवढं एक ज्यानं ऐकलं, त्याचं सूप साधलं. बाकी सगळं तुम्हाला येतंच.

येतंच म्हणते, कारण गोळे रसात शिजवणं ही आपल्या घरातली गोष्ट आहे. पंढरपूर-सोलापूरकडची गोळ्याची आमटी घ्या, वरणफळं घ्या, चकोल्या घ्या. इकडे आमचे तमिळ शेजारी करतात ते परुप्पु उरुंडै कुळंबु, म्हणजे चिंचेच्या रसातले डाळीचे गोळे. तंजावरातल्या मराठी घरांत दोन्ही वळणं एका चुलीवर आली. तुरीची डाळ भिजवायची, निथळायची, लाल मिरची, हिंग, मीठ घालून पाण्याचा थेंबही न घालता जाडसर वाटायची, त्यात कढीपत्ता चिरून घालायचा आणि गोळे वळून उकळत्या चिंचेच्या रसात सोडायचे. काही घरांत गोळे आधी वाफवून घेतात. मला ते पटत नाही. वाफवलेला गोळा फुटत नाही हे खरं, पण तो रस पीत नाही, आणि डाळीचा जो थोडा अंश रसात उतरून त्याला दाटपणा देतो तोही मिळत नाही. फुटण्याची भीती वाटते म्हणूनच लोक वाफवतात ना? मग भीतीचं मूळ काय, ते सूप करता करताच बघू या.

जपानी लोकांच्या या सूपाचं नाव सुइतोन. गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढाच त्याचा गोळा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या टंचाईत तांदूळ मिळेना, तेव्हा तिथल्या घराघरांतून सुइतोनवर पोटं भरली. क्यूशू बेटावर ओइता भागात याचंच भावंड आहे, दांगोजिरू. त्यात पीठ चपटं ओढून सोडतात आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालतात. म्हणजे हा काही हॉटेलातला नाजूक पदार्थ नव्हे, घरात असेल त्यातून भूक भागवणारं जेवण आहे. त्याला तसंच वागवा.

एक वाटी मैदा किंवा कणीक, चिमूटभर मीठ, अर्धी वाटी पाणी, लागलं तर चमचाभर अधिक. पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. झाकून दहा मिनिटं ठेवायचं. तेवढ्यात रस होतो. जपानी घरांत रसासाठी कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाचा कीस वापरतात. शाकाहारी घरांनी वाळवलेली शिताके अळिंबी कोमट पाण्यात भिजत घालावी आणि ते पाणी टाकू नये, तोच रस. ती मिळाली नाही तर मुळा, गाजर, लाल भोपळा आणि आल्याचा तुकडा घालून पाणी उकळा. मुळा विसरू नका, तिकडे त्याच्याशिवाय चालत नाही. सोया सॉस शेवटी. मिसो असेल तर आच बंद करून, थोड्या रसात कालवून मग घाला. मिसो उकळला की त्याचा वास उडून जातो.

आता गोळे सोडण्याची वेळ. इथे मला थोडं सावकाश बोलू द्या, कारण गोळे सोडणं हे भाताच्या लावणीसारखं आहे.

आमचा कावेरीच्या पाण्यावरचा भाताचा मुलूख आहे. मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायचा रिवाज आहे, ते कालव्यांतून इथवर आलं की लावणीची धांदल सुरू होते. लावणीच्या बायका कसं करतात पाहा. आधी चिखलणी झालेली असते, पाणी बांधलेलं असतं. तयारी नसलेल्या वाफ्यात कोणी रोप खोचत नाही. तसंच रसाचं. तो खळखळून उकळत असला पाहिजे, तेव्हाच पहिला गोळा जायचा. कोमट रसात गोळा पडला तर वरचं पीठ आवळून येण्याआधीच विरघळू लागतं आणि सूपाची खळ होते. दुसरं, बायका रोपांत अंतर ठेवतात. तुम्हीही गोळ्यांत ठेवा. ओल्या चमच्यानं एकेक सोडा, पातेलं लहान असेल तर दोन घाण्यांत करा. एकदम सगळे लोटले की रस थंड होतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात.

आणि तिसरं, जे मी पुन्हा पुन्हा सांगणार. लावणी झाली की त्या वाफ्यात कोणी पाय घालत नाही. रोप पहिले काही दिवस मलूल दिसतं, पिवळट पडतं. म्हणून कोणी ते उपटून मुळं धरली का बघतं का? गोळाही तसाच, सोडला की तळाशी जाऊन बसतो. तुम्हाला वाटतं, लागला असेल खाली, आणि पळी जाते आत! तिथेच गोळा मोडतो. त्याची वरची साल अजून कोवळी असते, तिला उष्णतेनं आवळून येऊ द्या. शेतात या दिवसांत पाण्याचा लोंढाही सोडत नाहीत, रोपं उपटून तरंगतील. म्हणून सगळे गोळे पडले आणि रसाला पुन्हा उकळी आली की आच बारीक करा. खळखळ हवी ती सोडताना, शिजताना नको. हे अनेकजण उलट करतात, भीत भीत मंद आचेवर सोडतात आणि मग मोठ्या आचेवर रटरटवतात.

गोळा आतून शिजला, फुगला, की पाण्यापेक्षा हलका होऊन आपोआप वर येतो. वर आल्यावर दोन-तीन मिनिटं द्या. मग हवी तेवढी पळी फिरवा. मुळं धरल्यावर भांगलणीला वाफ्यात उतरतातच की. त्याआधी नाही. डाळीच्या गोळ्यालाही हाच नियम. एकच गोळा आधी सोडून बघा. तो टिकला तर बाकीचे सोडा, विरघळला तर वाटणात चमचाभर तांदळाचं पीठ मिसळा.

तंजावरच्या खाण्याबद्दल बोलायचं तर खरं म्हणजे वेगळं भाषण हवं. इथले मराठा राजे एकोजी यांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला चौलचे रघुनाथ नवहस्त होते, त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या पाककृती मोडीत लिहिलेल्या, आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून. 1855 ला इथलं मराठ्यांचं राज्य खालसा झालं तरी त्या चवी घरांतून चालत राहिल्या. आमच्या मुली आता चेन्नईत, बंगळूरला नोकऱ्या करतात, संध्याकाळी दमून येतात, आणि हे सगळं त्यांच्यापर्यंत कसं... हा विषय मोठा आहे, मला वेळ संपत आल्याची खूण झाली आहे.

त्या मुलींसाठीच एक राहिलं. दुकानातले गोठवलेले मोमो किंवा त्यांचं जपानी भावंड ग्योझा रसात घालणार असाल तर आधी बाहेर काढून मऊ करू नका, पारी ओली होऊन फाटते. बर्फातून काढले की थेट उकळत्या रसात. तळाला चिकटू नयेत म्हणून पातेलं कान धरून एकदा हलकं गोल हलवा. पातेलं हलवा म्हणते आहे, पळी नाही.