हुरड्याचे पैसे कोणाच्या हातात?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मघाशी जेवताना कोणीतरी म्हणालं, "ताई, आमच्या गावातबी हुरडा पार्टी सुरू झाली, आता बायांना काम मिळंल." तिथूनच सुरुवात करते.

डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की दर रविवारी शहरातून गाड्या निघतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत आठवडाभर राबलेली माणसं खुलताबाद-वेरूळच्या बाजूला शेतांवर येतात. यात वाईट काही नाही. शहराचा पैसा दलालाला वगळून शिवारात येत असेल तर तो हवाच आहे. सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं.

पण अशा एका शेतावर मी पाहुण्यांच्या बाजेवर न बसता चुलीपाशी बसले. बाई पहाटे चारला उठलेली. आगटी पेटवायची, गोवऱ्यांत कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं, पाखडायचं. मग पिठलं, ठेचा, भाकरी. हाताला फोड आलेले. किती भाकरी झाल्या विचारलं, तर म्हणाली, "मोजायला टाइम कुठंय ताई?" आंब्याच्या खोडाला मोबाइलवरून पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवलेला. खातं नवऱ्याचं. तुला काय मिळतं, असं विचारल्यावर ती हसली. "घरचंच काम हाय की." मदतीला आलेल्या शेजारणीला निदान रोज मिळाला, घरच्या बाईला तोही नाही. शिवाय वर्षाच्या भाकरीसाठी राखायची ज्वारी कोवळीच कापली गेली, त्याचा हिशेब कोणी धरलेला नाही.

आता दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळाची पाटी घेऊन बसणारी बाई आठवा. ऊन, धूळ, घासाघीस, आणि आडोशाला जायची सोय नाही. तरी विकलेल्या फळाची नोट तिच्या हातात पडते. म्हणून मला ती पाटी मोलाची वाटते. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. माळीवाड्याला उतरलेला पाहुणा लवकर वेरूळला पोचतो. पण त्या महामार्गाच्या कडेला पाटी मांडता येत नाही.

धंद्याची नोंदणी करायची तर सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, पुढे 'लक्ष्मीमुक्ती'तून काही गावांतल्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केलीही. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे. नवऱ्याच्या जमिनीत मात्र तो जिवंत असेपर्यंत बायकोचा हक्क नाही. २०२३ च्या 'आई' धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. हे सांगितल्यावर एक भाऊ लगेच म्हणाले, "मग हिच्या नावानं अर्ज टाकतो." म्हणजे सही तिची, कर्ज तिच्या डोक्यावर, गल्ला त्यांचा! अर्ज जरूर टाका, पण कर्जाचं खातं आणि क्यूआर कोडचं खातं एकाच बाईचं आहे का, ते आधी बघा.

तहसीलला निवेदन नंतर देऊ. या हंगामात प्रत्येकीनं एक वही ठेवायची: कितीला उठलो, पाहुणे किती, भाकरी किती, पैसे किती आणि कोणाच्या खात्यात. लिहिता येत नसेल तिनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढाव्यात, मी येऊन उतरवून घेईन. संक्रांतीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या.