कंबरेचा खर्च कोणाच्या खाती?

(कामगार कार्यकर्त्यांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



यंत्राच्या पट्ट्यात बोट सापडले तर त्याची नोंद होते, चौकशी होते, भरपाईचा हिशेब मांडला जातो. त्याच यंत्रापुढे वीस वर्षे वाकून काम करणाऱ्याची कंबर धरली वा खांदा आखडला, तर ते ‘वयाचे दुखणे’ ठरते. कामगार घरी तेल चोळून घेतो, बिनपगारी रजा काढतो आणि अखेर हलक्या पगाराचे काम पत्करतो.

हे अज्ञान म्हणावे तर तसेही नाही. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली धंद्यांपासून जडणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ओझेवाल्यांच्या दुखण्यांचाही विचार आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१० च्या यादीत मनगट, कोपर व गुडघा यांचे विकार व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद आहेत. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सरकारला कळविणे बंधनकारक अशा २९ रोगांची यादी होती. शिसे, पारा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे सारे तीत होते. स्नायूंचा वा सांध्यांचा एकही विकार नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही तीच परंपरा चालविली आहे.

यादीत नाव नसण्याला किंमत असते, आणि ती रुपयांत मोजता येते. राज्य विमा योजनेत साधे आजारपण ठरले तर वेतनाच्या ७० टक्के लाभ, तोही वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. कामामुळे झालेली इजा ठरली तर ९० टक्के, आणि अपंगत्व टिकेल तोवर. कंबर तीच, वेदना तीच; केवळ नावात फरक. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची मीमांसा केली. उत्पादनाचा जो खर्च मालकाच्या वहीत चढत नाही, तो दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागतो. येथे तो कामगाराच्या घरात चढतो, बहुधा त्याच्या पत्नीच्या वाढलेल्या कष्टांच्या रूपाने.

फिजिओथेरपीचे शास्त्र मुंबईत रुजले ते पोलिओच्या साथीमुळे, १९५०च्या दशकाच्या प्रारंभी, परळच्या केईएम रुग्णालयात. सभोवती गिरण्या होत्या. तरीही हे शास्त्र रुग्णालयाच्या भिंतीआडच राहिले, गिरणीच्या फाटकातून आत गेले नाही. रुग्णालयातला तज्ज्ञ फार तर ‘वजन उचलू नका’ असे सांगतो, आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी त्याच बाकापुढे उभा राहतो. कामाच्या जागी येणारा तज्ज्ञ तो बाक पाहतो. जमिनीवरची पेटी कंबरेच्या उंचीवर ठेवता येईल काय, एकाच हाताचे काम दर दोन तासांनी बदलता येईल काय, आजारातून उठलेल्याला काही आठवडे हलके काम देऊन क्रमाने मूळ कामावर आणता येईल काय, हे त्याला तेथेच ठरविता येते. उपचाराचा खरा गाभा हा आहे. शेक आणि मालिश नव्हे.

म्हणूनच सावध राहिले पाहिजे. पाळीच्या आरंभी दहा मिनिटे व्यायाम करवून घ्यावा आणि उत्पादनाचा वेग मात्र वाढवावा, असा व्यवहार मालकाला सोयीचा असतो. मग दुखणाऱ्यालाच ‘तू व्यायाम नीट केला नाहीस’ असे ऐकविता येते. आंतरराष्ट्रीय शिफारशीने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली होती. क्विंटलाचे पोते पाठीवर देऊन पाठीचे व्यायाम शिकविणे ही थट्टाच होय. तेव्हा या तज्ज्ञाला सुरक्षा समितीत स्थान हवे, जेथे कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असू नयेत असा कायदा आहे. उपचाराचा वेळ कामाचाच वेळ धरला जावा. आणि दुखण्याची नोंद व्यवस्थापनाच्या हाती जाऊ नये, नाहीतर ती नोकरकपातीची यादी होईल.

कंत्राटी कामगाराचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याला एक मालक नसतो, ही सबब नेहमीची. पण हमालालाही एक मालक नव्हता. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि मंडळांमार्फत मजुरीवर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार यांची तरतूद केली. त्याच लेव्हीतून प्रत्येक मोठ्या बाजार आवारात फिजिओथेरपीची एक खोली आणि एक तज्ज्ञ ठेवण्याची मागणी माथाडी संघटनांनी मंडळांपुढे मांडावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.