मुलांवर उठणारा हात आणि चार लोकांचा धाक
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



वधूवर सूची, शिष्यवृत्त्या व वसतिगृहाचा हिशेब हे विषय आपल्या संमेलनात दरवर्षी येतात, आणि ते यावेत. मजकडे सोपविलेला विषय त्या मानाने अप्रिय आहे. आपल्या घरांत मुलांना मार बसतो. शेतावरच्या घरात बसतो, तसा नोकरदाराच्या, व्यापाऱ्याच्या व शिक्षकाच्या घरातही बसतो. हे सर्वांना ठाऊक आहे आणि व्यासपीठावरून कोणी बोलत नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,००० हून अधिक मुलांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. दर ३ मुलांपैकी २ मुलांना मारहाण सोसावी लागल्याचे त्यात दिसले. आणि ज्यांना घरात मार बसला होता, त्यांतील शंभरांपैकी ८८ हून अधिक मुलांच्या बाबतीत मारणारे खुद्द आईबाप होते. परक्या माणसापासून जपून राहा असे आपण मुलांस शिकवितो. हा आकडा मात्र आपल्याच उंबरठ्याच्या आत बोट दाखवितो.

यावर आपल्यातील वडीलधारे लगेच म्हणतील, "आम्हीही मार खाल्ला, म्हणून काय बिघडले? अहो, श्यामच्या आईनेसुद्धा श्यामला मारले होते!" आक्षेप खरा आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात, पोहायला जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारते हे आहेच. परंतु वाचकाच्या मनात त्या पुस्तकातून काय उरते, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. छडी उरत नाही. मुलाच्या अंगावरचे वळ पाहून भरून आलेले आईचे डोळे उरतात. श्याम घडला तो त्या मायेने. मारलेले सर्वच श्याम झाले असते, तर आपल्या गावोगावी साने गुरुजी दिसावयास हवे होते.

असो. मार का बसतो, हा खरा प्रश्न. मुलाचा द्वेष म्हणून मारणारा बाप क्वचित. माझ्या पाहण्यात मार बसतो तो बहुधा दिवेलागणीच्या सुमारास. आई रानातून किंवा कचेरीतून थकून आलेली, चूल अजून पेटावयाची, बाप आडतीवरून पडलेला भाव ऐकून परतलेला. आणि त्याच घटकेस मुलाच्या हातून दुधाचे पातेले लवंडते. त्या घटकेस उपदेश उपयोगी पडत नाही, कारण मारू नये हे त्या बाईलाही कळते. म्हणून त्या घटकेची तरतूद आधीच, शांतपणी, नवराबायकोने करून ठेवावी. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याने मुलाला घेऊन ओसरीवर जावे. चढलेल्याने घागर उचलून पाण्यास जावे. घरात आजी असेल तर तिच्या पदराला हात लावलेल्या मुलास कोणी ओढावयाचे नाही, एवढा नेम तरी पाळावा. हे क्षुल्लक वाटेल. सवय मात्र अशाच क्षुल्लक गोष्टींनी मोडते.

मारामागचे दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्यात आपण सारे सामील आहोत. ते म्हणजे चार लोक काय म्हणतील हा धाक. लग्नघरी मूल हट्टाला पेटले, की आई आधी मुलाकडे पाहत नाही. ती सासूकडे, जावांकडे पाहते. "लाडावून ठेवलंय" असे कोणी म्हणण्यापूर्वी ती धपाटा घालते. पुष्कळदा त्या जावांनाही तो धपाटा नको असतो. परंतु प्रत्येकीला वाटते की बाकीच्यांना तो हवा आहे. बंधुभगिनींनो, ते चार लोक कोण? आपणच! या मंडपात बसलेले आपण. तेव्हा "बाई, असू दे, लेकरू आहे" असे एका वडील माणसाने मोठ्याने म्हणून मुलाला उचलून घेतले, तर शंभर व्याख्यानांचे काम होईल.

आता परीक्षेच्या गुणांविषयी बोलणे भाग आहे. लातूरचा शिक्षणातील नावलौकिक आपल्याला भूषणावह आहे. नांदेडही त्यात मागे नाही. दहावी झाली की खेड्यापाड्यांतील मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी या दोन शहरांत खोली घेऊन राहतात, आणि काही बापांनी त्यापायी जमिनीचा तुकडा विकलेला असतो. एवढे डावावर लावल्यावर सराव चाचणीतील प्रत्येक उणा गुण बापाला स्वतःच्या तोंडावर मारल्यासारखा वाटतो. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीट परीक्षेच्या सराव चाचणीत कमी गुण मिळाल्यावरून झालेल्या मारहाणीनंतर १७ वर्षांची एक मुलगी मरण पावली. मारल्याच्या आरोपावरून अटक झाली ती तिच्या वडिलांना. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. वृत्तपत्रांतून ही बातमी आपण सर्वांनी वाचली, हळहळलो, आणि पुढील आठवड्यात आपल्या मुलास विचारले, "किती पडले?"

कायद्याचे थोडक्यात सांगतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. घरातील प्रत्येक चापटीस तितक्या स्पष्ट शब्दांत बंदी नाही. परंतु बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यान्वये मुलाचा सांभाळ करणाऱ्यानेच क्रूरपणा केला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तथापि केवळ शिक्षेच्या भयाने घर बदलत नाही. स्वीडनने १९७९ साली, जगात सर्वप्रथम, घरातही मुलांना मारण्यास मनाई केली. त्या सरकारने घरोघर पुस्तिका पाठविली आणि दुधाच्या खोक्यांवर तो मजकूर छापला, म्हणजे सकाळच्या न्याहारीला आईबाप व मुले यांनी तो एकत्र वाचून त्यावर बोलावे. मला ही युक्ती फार आवडली.

परदेशाचे राहू द्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले शाळेत येत नव्हती. ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. मूल ऐकत नाही, तेव्हा आपली मांडणी कोठे चुकते ते आधी पाहावे, ही त्यांची रीत आपल्या घरांनाही लागू आहे.

आता मंडळाविषयी, आणि याचा राग कोणी मानू नये. आपल्या गुणगौरव समारंभात ९० टक्क्यांवरील मुलांची नावे ध्वनिक्षेपकावरून टक्क्यांसह वाचली जातात. खाली ६२ टक्क्यांचा मुलगा बापाशेजारी बसलेला असतो. त्या रात्री त्या घरात काय होते, याची नोंद आपल्या अहवालात नसते. माझी सूचना अशी की, यंदापासून टक्के वाचू नयेत. परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलाला नावाने व्यासपीठावर बोलवावे. वेळ अधिक लागेल, भाषणे कमी करावीत. माझ्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. प्रत्येक तालुक्यातून दोन वडीलधारी माणसे, एक पुरुष व एक स्त्री, अशी नेमावीत की ज्यांच्याकडे थकलेली सून किंवा भ्यालेला मुलगा बिनदिक्कत जाऊ शकेल आणि गोष्ट चव्हाट्यावर येणार नाही. जेथे जिवाला धोका दिसेल, तेथे मात्र अब्रूचा विचार न करता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक स्मरणिकेच्या मुखपृष्ठाच्या आतील बाजूस, जाहिरातींच्या आधी, ठळक अक्षरांत छापावा.

या अर्थाचा ठराव लिहून आणला आहे. तो अध्यक्षांच्या हाती देतो. दुपारच्या बैठकीत तो मतास टाकावा, आणि मत देताना भगिनींनाही हात वर करू द्यावा, एवढी विनंती आहे.