दाण्यातली घडी

ऑक्टोबरात वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनचे पोते उघडले की व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो. माती, काडीकचरा, डागी दाणे पाहतो, ओलावा तपासतो आणि भाव बोलतो. त्या दाण्यात तेल साधारण 20 टक्के आणि प्रथिने 40 टक्क्यांच्या आसपास. वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत खरिपात सोयाबीनच सोयाबीन. तेव्हा हा जिल्हा तेलापेक्षा प्रथिनेच जास्त पिकवतो म्हणायला हरकत नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यांचे मुख्य प्रकार अवघे 20. कोणते कोणामागे येते, यावर साखळीची घडी ठरते आणि घडीवर तिचे काम. ही साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 साली मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह एका आलेखात मांडले. नवी रचना हाती आली की शास्त्रज्ञ आजही ती त्या आलेखावर पडताळतात.

घडीचे महत्त्व कच्चे सोयाबीन चांगले शिकवते. आपल्या आतड्यात प्रथिने तोडायला ट्रिप्सिन असते. सोयाबीनमधले एक प्रथिन, ट्रिप्सिन इनहिबिटर, त्याच्या खोबणीत खुंटीसारखे घट्ट बसते आणि पचन अडवते. मोझेस कुनिट्झ यांनी 1945 मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले. यावर उपाय मात्र चुलीवरच आहे. दाणे भिजवून नीट शिजवले की साखळी शाबूत राहते, पण घडी विस्कटते. मग खुंटी बसत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी सोयाबीनची ढेपही म्हणूनच उष्णतेची प्रक्रिया करून दिली जाते.

आता जमिनीखाली पाहू. पीक फुलोऱ्यात असताना एक झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत चक्क गुलाबी रंग दिसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे नात्यातले प्रथिन, लेगहिमोग्लोबिन. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतात तो नायट्रोजिनेज या प्रथिनाच्या जोरावर, आणि ऑक्सिजन लागला की हे नायट्रोजिनेज निकामी होते. पण जिवाणूंना श्वासापुरता ऑक्सिजन तर हवाच! लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते. दाण्यातल्या प्रथिनांना लागणारा बराच नत्र असा फुकटात मिळतो. युरियाच्या गोणीकडे धावण्याआधी एवढे आठवावे.

गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती काम करत नाही असे समजावे. गाठी कामाच्या निघाव्यात यासाठी पेरणीपूर्वी बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि त्यानंतर रायझोबियम संवर्धक लावा, बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.