मोटारसायकल वर उचलतांना

हार्ले-डेव्हिडसनची स्पोर्टस्टर 1957 सालीं निघाली. तिच्या 2004 नंतरच्या बऱ्याच गाड्यांचें वजन 250 किलोंच्या घरांत; मधला स्टँडही नाहीं. मग टायर बदलण्यासाठीं चाक अधांतरी करावयाचें कसें? जॅकनें. बळाची चिंता नको. कोंडलेल्या तेलावरील दाब सर्वत्र सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम. म्हणून लहान दट्ट्यावर दिलेलें बळ वीसपट क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर वीसपट होतें. अडचण आहे ती टेकूची.

मोटारगाडीला जॅक लावण्याच्या जागा ठरलेल्या असतात. दुचाकीच्या पोटाशीं मात्र पुष्कळदां इंजिनाचें चेंबर, सायलेन्सरची नळी, तेल काढण्याचें बूच हींच पुढें आलेलीं असतात. अॅल्युमिनियमच्या चेंबरवर सारा भार आला तर तें तडकण्याचें भय; मग टायर राहतो बाजूला! यासाठीं जॅकच्या माथ्यावर अॅडॅप्टर बसवितात. हा लोखंडी जोड चेंबरला स्पर्श न करतां फ्रेमच्या दोन्ही नळ्या खालून उचलून धरतो.

आंसाचा घट्ट नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावा. नंतर बोटभर उचलून थांबावें आणि ती कोणीकडे कलते तें पाहावें. कलल्यास खालीं घेऊन जॅक सरकवावा. मागचें चाक निघतांच पुढची बाजू जड होते, म्हणून गाडी आधींच पट्ट्यांनीं बांधलेली बरी.

नुसत्या तेलाच्या भरंवशावर मात्र खालीं हात घालूं नये. झिजलेल्या वॉशरांतून तें झिरपतें. जॅकला खटका असल्यास भार त्यावर उतरवावा. नसल्यास फ्रेमखालीं भक्कम टेकू द्यावे. काम झाल्यावर झडप केसभरच उघडावी, म्हणजे गाडी सावकाश उतरते.